जिन्याजवळची खोली

कुंभवली
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय हिरा,

फोन न करता पत्र लिहिते आहे, रागावू नकोस. फोनवर आपण दोघी "जेवलीस का" एवढंच विचारतो आणि मग नुसती खरखर ऐकत बसतो. पत्राची सवय आपल्याला आहेच. सिस्टर लुसी बोर्डिंगात दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायची. तुझ्याही घरी वाचता येणारं कोणी नव्हतं, माझ्याही. म्हणून तू माझं वाचायचीस आणि मी तुझं, आणि ती पत्रं तशीच पेटीत राहायची.

विषय घराचा आहे. दिशा गेल्यापासून दोन वर्षं नुसते खांब आणि स्लॅब उभे होते. वैशाखात माझ्या दर्पणने काम पुन्हा सुरू केलं. आता आतला गिलावा वाळलाय, पुट्टी व्हायची आहे. आम्ही अजून बाजूच्या पत्र्याच्या खोल्यांतच राहतो. पेंटर रोज विचारतो, "कलर कौनसा?" आणि हे खुर्चीतून सांगतात, "कोणताही लाव, भिंत थोडीच पळून जाणार हाय?"

परवा कपाट आवरताना दिशाने आणलेलं शेड कार्ड सापडलं. त्यावर पेन्सिलीने चार ठिकाणी बरोबरच्या खुणा आहेत. एक पोपटी म्हणावा असा, भाताच्या कोवळ्या आवणासारखा. एक पिवळा. एक राखाडी निळा. आणि एक पांढरा, त्यात गुलाबी आहेसं वाटतं, पण बघायला गेलं तर दिसत नाही. नावं इंग्रजीत आहेत. पिवळ्याचं नाव 'लेमन लल्लबाय'. सिस्टरसमोर वाचलं असतं तर उच्चारासाठी दहा वेळा उभं केलं असतं.

खोल्या चारच. हॉल, स्वयंपाकघर, दर्पणची वरची झोपायची खोली आणि जिन्याजवळची लहान खोली. कोणता रंग कुठे, ते तिने लिहिलेलं नाही. तू तिची आई, मी नुसती सासू. तुझ्याकडे ती काही बोलली असेल, तर कळव.

तुझी
ठमी


मासवण
१७ ऑक्टोबर २०२३

प्रिय ठमी,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं, मग देवापुढे ठेवलं, मग पुन्हा काढून वाचलं. तिच्या हातच्या खुणा अजून कुठे तरी शिल्लक आहेत, हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे तिचा एक परकर आहे आणि डी.एड.च्या वह्या.

पिवळा स्वयंपाकघरात. यात शंका नको. आमच्या चुलीच्या खोलीला खिडकी नव्हती, फक्त वर एक काचेचं कौल होतं. दुपारी त्यातून उन्हाचा पिवळा तुकडा जमिनीवर पडायचा आणि दिशा त्याच्यात ताट ठेवून जेवायला बसायची. तुकडा सरकला की ताट सरकवायची. तिचे बाबा म्हणायचे, "पोरगी जेवता जेवता दारापर्यंत पोचल." मोठी झाल्यावर ती मला म्हणाली होती, आई, माझ्या घरात सगळं स्वयंपाकघर त्या तुकड्यासारखं करीन.

राखाडी निळा दर्पणच्या खोलीला. तो रात्रपाळी करून दिवसा झोपतो, त्याला डोळ्यांवर उजेड नको म्हणून तिने तो निवडला असणार. पोपटी हॉलला. आलेल्या माणसाला आधी हिरवं दिसलं पाहिजे, असं ती नेहमी म्हणायची. तुमच्याकडे कारखान्यांमुळे झाडांवरही करडी धूळ बसते, त्याची तिला फार चीड होती.

चौथ्याचं नंतर लिहिते. ते लिहायला जरा वेळ लागेल.

एक विचारू? जुन्या घराच्या आतल्या कुडाच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने तिच्या लग्नाचा चौक काढला होता. घर पाडलंत तेव्हा त्या भिंतीचं काय झालं? दिशा होती तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

दर्पणला आशीर्वाद. हा पोरगा तिच्या पसंतीचे रंग शोधत बसलाय, हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तुझी
हिरा


कुंभवली
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय हिरा,

तुझ्या सांगण्याप्रमाणे पेंटरने प्रत्येक खोलीत हातभर चौकोन रंगवून दाखवले. कार्डावर एक दिसतं आणि भिंतीवर दुसरंच. पोपटी ओला असताना इतका भडक होता की हे म्हणाले, "घरात रावे पाळायचे हायत काय?" दुसऱ्या दिवशी वाळला तेव्हा शांत झाला. पिवळा मात्र पहिल्यापासून चांगला. सकाळी पूर्वेकडून ऊन आलं की ओट्यामागची भिंत आतून पेटल्यासारखी वाटते. मी तिथे उभी राहून काचेच्या कौलाचं आठवत होते. ते ताट सरकवणं मला माहीत नव्हतं. चार वर्षं ती माझ्या घरात जेवली, मला नाही कधी सांगितलं.

पेंटर म्हणतो, काँक्रीटची भिंत पाणी धरून ठेवते, घाई केली तर रंगाला फोड येतील. म्हणून थांबलोय.

दर्पण हल्ली जरा बरा आहे. जेवतो. दाढी करतो. रविवारी मोटरसायकल काढून मनोरला जाऊन येतो.

चौथ्या रंगाचं तू लिहिणार होतीस. घाई नाही, पण पेंटर डबे एकदमच आणणार आहे.

तुझी
ठमी


मासवण
१३ नोव्हेंबर २०२३

प्रिय ठमी,

दर्पण बाहेर जायला लागला, बरं वाटलं. मनोरला जातो तर येताना मासवणला वळायला सांग. वाटेतच तर आहे. मी त्याच्यासाठी कडवे वाल राखून ठेवलेत.

आता चौथ्याचं. तो पांढरा जिन्याजवळच्या लहान खोलीचा आहे. ठमी, ती खोली माझी आहे. म्हणजे दिशाने तसं म्हटलं होतं. तिचे बाबा गेले त्या उन्हाळ्यात ती आठ दिवस इथे राहिली होती, तेव्हा म्हणाली, आई, तू एकटी किती दिवस राहशील, जिन्याजवळची खोली तुझ्यासाठीच काढली आहे, तुला जिना चढायला नको. अंगणवाडीतून सुटलीस की पेटी घेऊन ये.

मी हे तुला कधी बोलले नाही. मुलगीच राहिली नाही, मग खोलीचं काय बोलायचं? पण तू खुणांचं लिहिलंस आणि पांढऱ्यात गुलाबी आहेसं लिहिलंस, तेव्हा मला वाटलं की तिने तेही ठरवून ठेवलं होतं. मला पांढरा आवडतो हे तिला माहीत होतं. बोर्डिंगातली आपली झोपायची खोली तशीच होती, आठवतं? संध्याकाळी भिंती गुलाबी व्हायच्या आणि सिस्टर दिवा लावू द्यायची नाही.

मार्चमध्ये माझी अंगणवाडीतली नोकरी संपते. माझं सामान एक पेटी आणि शिवणाचं मशीन, एवढंच. तुला अडचण असेल तर सरळ लिही. आपण विहिणी नंतर झालो, आधी एका चादरीत झोपलोय.

त्या भिंतीचं तू कळवलं नाहीस.

तुझी
हिरा


कुंभवली
२६ नोव्हेंबर २०२३

प्रिय हिरा,

घाईत लिहिते. पेंटरने पांढऱ्याचा डबा आणला आहे.

एक माहिती हवी होती. हॉलची आतली एक भिंत रंगवायची नाही, गेरूची करायची आहे. पेंटरला गेरू माहीत नाही. सिमेंटवर लावला तर हाताला पूड येते, वाळला की झडतो. तुझ्या हातची भिंत पंचक्रोशीत कोणाला यायची नाही, म्हणून विचारते. खाली काय लावावं? पुट्टी केलेली चालेल का?

तब्येत सांभाळ. वाल खाऊन टाक, दर्पणला यायला जमेल असं वाटत नाही.

ठमी


कुंभवली
७ जानेवारी २०२४

प्रिय हिरा,

सहा आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. बोर्डिंगातल्या सवयीने नाताळात तू दर वर्षी एक कार्ड पाठवतेस, यंदा तेही आलं नाही. म्हणजे तुला कळलं आहे. गेरूचं विचारलं तेव्हा मला वाटलं होतं की बाकीच्या बोलण्यात ते खपून जाईल. पोस्टात टाकून परत येताना कळलं की मी काय लिहिलं. पण पत्र पेटीत पडलं होतं.

दर्पणचं लग्न ठरलं आहे. मुलगी मनोरकडची, नाव तेजल. पालघरला एका औषधाच्या दुकानात काम करते. सत्तावीस वर्षांची आहे, गरीब स्वभावाची आहे. पंचवीस फेब्रुवारीला लग्न. आम्हाला कोर्टात सही करून मोकळं व्हायचं होतं, पण तिची आजी गोजराबाई ऐकेना. म्हणाली, "सिमेटचा घर हाय त काय झाला, भित हाय ना? चौक नाय त लगीन नाय."

मी पहिल्या पत्रातच सांगणार होते. मनात असं होतं की दोन रंगांच्या मधे कुठेतरी लिहून टाकीन. तुझं पहिलं उत्तर आलं, त्यात तो उन्हाचा तुकडा होता, आणि मग लिहिता आलं नाही. दुसरं उत्तर आलं, त्यात तुझी पेटी होती.

आता एकच राहिलं, ते सगळ्यात वाईट आहे. त्या खुणा दिशाच्या नाहीत. पेंटर पहिल्याच दिवशी कार्ड बघून म्हणाला होता, "ये तो दुकानवाले का टिक है भाभी. जो माल रेडी है, उसपे मारके देता है." मला हे तुला लिहिण्याच्या आधी माहीत होतं. मला तुझ्याशी बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि तिच्या नावाशिवाय मला दुसरं निमित्त सुचलं नाही. दर्पण रंग शोधत नव्हता. त्याने ते कार्ड पाहिलेलंसुद्धा नाही.

आणि तू दोनदा विचारलंस त्या भिंतीचं. घर पाडलं तेव्हा कुडाची माती आम्ही टाकली नाही. आपल्याकडे टाकत नाहीत, तुला माहीत आहे. नव्या जोत्याच्या भरावात घातली. त्यावर खडी, त्यावर काँक्रीट, त्यावर फरशी. तिचा चौक हॉलच्या फरशीखाली आहे. भिंत फोडताना दिशा स्वतः उभी होती. चौकातल्या पालघटदेवीचा तुकडा तिने हातात घेतला होता, मग तिनेच तो खड्ड्यात ठेवला.

खोलीचं दर्पणशी मी अजून बोललेले नाही. बोलायची हिंमत होत नाही.

तुला जे लिहायचं असेल ते लिही. मी वाचीन.

ठमी


मासवण
२० जानेवारी २०२४

ठमी,

नव्या घरात एकाच भिंतीला गेरू कशाला लागतो, हे मासवणच्या अंगणवाडीतल्या पोरांनाही कळतं. तुझं गेरूचं पत्र आलं तेव्हा मी त्यांना खिचडी वाढत होते. वाढून झाल्यावर वाचलं. मग भांडी घासली. सहा आठवडे मी भांडीच घासते आहे असं वाटतं.

दर्पणने लग्न करू नये असं मी एकदाही म्हटलं नसतं. तो चौतीस वर्षांचा आहे. तू मला आधी सांगितलं असतंस, तर मी दोन दिवस रडले असते आणि मग वाल घेऊन आले असते. तू मला तिचे रंग निवडायला बसवलंस. मी महिनाभर त्या घरात राहिले, ठमी. सकाळी उठून पिवळ्या स्वयंपाकघरात चहा करत होते.

आणखी एक लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय पुढे लिहिता येणार नाही. तू नर्स. दिशाला ताप आला त्या दिवशी तू म्हणालीस, साधा आहे, पाऊस अंगावर घेतलाय. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तेव्हा डेंग्यू निघाला, आणि चौथ्या दिवशी ती गेली. मी हे कधी बोलले नाही. तूही नाही. तू रात्री झोपत नसशील हे मला माहीत आहे. तरी मला ते लिहायचं होतं, आणि आता लिहिलं.

आता माझं. तू खुणांबद्दल खोटं लिहिलंस, तर मीही काही खरं लिहिलं नाही. पिवळ्या उन्हाचं खरं आहे. पण घर तसं करीन असं ती कधी म्हणाली नव्हती. हिरव्याचं, निळ्याचं, सगळं माझंच. तुझ्या पत्रातले रंग बघून मी लिहीत गेले, आणि लिहिताना ते तिच्याच आवाजात ऐकू येत होतं.

आणि खोली. तिने मला खोली दिली नव्हती. मी मागितली होती. त्या आठ दिवसांत एकदा, ती भाकरी थापत असताना, मी म्हटलं, तुझ्या नव्या घरात मला एक कोपरा देशील का? ती हसली आणि म्हणाली, "बघू." पुढल्या पावसाळ्यात गेली. ते 'बघू' होकाराचं होतं की टाळायचं, हे मी तेव्हापासून रोज ठरवते आणि रोज बदलते. तेव्हा दर्पणशी काही बोलू नकोस. कोणी दिलेलंच नव्हतं, ते परत कसलं मागायचं.

गेरूचं विचारलंस. त्या भिंतीला पुट्टी अजिबात नको. झाली असेल तर पेंटरकडून खरडून काढ, गिलावा खरबरीत लागला पाहिजे. भिंत पाण्याने भिजव. शेण आणि बारीक चाळलेली माती पातळ कालवून हाताने दोन हात दे, मधे एक दिवस वाळू दे. मग गेरू. त्यात मूठभर डिंक भिजवून घाल, नाहीतर काँक्रीट त्याला धरणार नाही. तांदूळ रात्री भिजवून सकाळी वाटायचे. रेघा ओढायची बांबूची काडी चावून मऊ करायला म्हाताऱ्या बायका बसव, तरुण मुली घाई करतात.

गेरू बाजारचा घेऊ नकोस, तो पिवळट निघतो. आमच्या डोंगरातला चाळून दोन पिशव्या एसटीने पाठवते आहे. दिशाच्या चौकाच्या मागे हाच होता. माझ्या हातचा गेरू खाली चालतो, चौक मात्र सवाशिणींनीच काढायचा. त्या दिवशी मला बोलावू नकोस.

रंग त्या मुलीला विचार. राहायचं तिला आहे.

हिरा


कुंभवली
३ मार्च २०२४

प्रिय हिरा,

लग्न झालं. भिंत टिकली. तू सांगितलंस तसंच सगळं केलं. शेण-मातीचे हात मी स्वतः दिले, पेंटर दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "इतना पैसा लगाके सीमेंट किया, अब उसपे गोबर?" पण गेरू चढला तेव्हा मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. चौकातली एक रेघही झडली नाही. लग्न लावणारी धवलेरी गात होती तेव्हा माझे डोळे भिंतीवर नव्हते, फरशीवर होते. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वर बघ, माणसा बघतात."

गोजराबाईने गेरूला बोट लावून विचारलं, "कोणाचे हातचा हाय?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीच्या. विहिणीच्या असं तोंडात आलं होतं, पण तिथे दुसरी विहीण उभी होती.

तेजलला रंग विचारले. तिने हॉलचा पोपटी बदलून बदामी केला आणि झोपायच्या खोलीला फिकट जांभळा. स्वयंपाकघरात गेली, ओट्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, हे राहू द्या, इथे छान वाटतं. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

जिन्याजवळच्या खोलीचा पांढरा मी तिला न विचारताच देऊन घेतला. परवा संध्याकाळी खिडकी उघडी होती, भिंती गुलाबी झाल्या. मी दिवा लावला नाही. तेवढ्यात तेजल आली आणि दर्पणला विचारलं, "ही खोली कोणाची?"

दर्पण माझ्याकडे बघत होता. मी त्याला काही बोलले नव्हते, तू नको म्हणाली होतीस. तो म्हणाला, "पाहुण्यांची."

तापाचं तू लिहिलंस. मी ते पत्र कपाटात ठेवलं आहे.

खोलीत खाट टाकली आहे. मार्चअखेर तुझी अंगणवाडी संपेल. पाहुणी म्हणून तरी ये, हिरा. पेटी आणलीस तरी मी कोणाला काही सांगणार नाही.

तुझी
ठमी


मासवण
१४ मार्च २०२४

ठमी,

पत्र पोचलं. गेरू टिकला, बरं झालं. चौकावर ओला फडका फिरवू देऊ नकोस, नव्या मुलींना भिंत पुसायची सवय असते.

ताज्या रंगाचा वास मला सोसत नाही. अजून काही दिवस त्या खोलीची खिडकी उघडी ठेव.

यायचं म्हणतेस. बघू.

हिरा